नाष्ट्याआधी उतरवलेली गुढी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना हे वाक्य विचित्र वाटेल, कारण ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकली नाही असा माणूस तिथे सापडणं कठीण. स्वीडनच्या समुद्रकाठी एका परक्या घरासमोरच्या झेंड्याच्या काठीवर मी गुढी उभारली, ती गोष्ट. पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या वाट्या फिरायला लागल्या की कोणीतरी म्हणायचंच, "काका, ती स्वीडनची गुढी होऊन जाऊ दे." मग मी घसा साफ करायचो आणि सांगायचो. टाळ्या पडायच्या. मी टाळलं ते त्यातलं खरं.

या वर्षी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तीच गोष्ट लिहून मागितली आहे आणि सोबत त्या गुढीचा फोटोही. माझी नात लॅपटॉप घेऊन बसली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोला, मी टाइप करते." ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी आमच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, त्यामुळे खाण्यापिण्याचे शब्द पक्के आणि बाकीचे डळमळीत. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. ती टाइप करत गेली. मध्येच थांबली.

"बट आजोबा, तेव्हा आजी कुठे होता?"

"कुठे होती," मी म्हटलं.

"हां, होती. कुठे होती? तुम्ही बोलता मी काठी आणली, मी बांधली, मी वर केली. आजी काय फक्त बघत होती?"

मी तिला चहा करायला पाठवलं. चहा आला तेव्हा तिला सांगितलं की लॅपटॉप मिट, हे मी स्वतः लिहीन.

माझी पत्नी जाऊन आता एक हिवाळा झाला. म्हणून हे पहिल्यापासून लिहितो.

मी कॉव्हेंट्रीत मोटारींच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. रजेचं वर्ष मार्चअखेर संपायचं आणि मी कंजूषपणे साठवलेली रजा तेव्हा घेतली नाही तर बुडायची. मार्चअखेर कुठे जाणार? स्पेनला सगळे जातात, असं पत्नी म्हणाली. तिने लायब्ररीतून नकाशा आणला, टेबलावर पसरला आणि वरच्या बाजूला हात ठेवला. "इकडे कोणी जात नाही. तिकडे गर्दी नसेल, आणि लोक घरी असतील."

"अगं, थंडी असेल."

"मग कॉव्हेंट्रीत काय आहे?"

अशा रीतीने आम्ही दरवर्षी उत्तरेला जायला लागलो. कोपनहेगन, हेलसिंगोर, बर्गन, ऑर्हुस, गॉथेनबर्ग. वसंत यायच्या बेताला आणि आलेला नसताना. बर्फ रस्त्यांवरून गेलेला, पण हिवाळ्यात घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी तशीच पसरलेली. ती झाडायला लहान यंत्रं फिरायची आणि सगळ्या गल्ल्यांतून धूळ उडायची. बंदरांतल्या होड्या अजून ताडपत्रीखाली झोपलेल्या. ऊन आलं की लोक घराच्या भिंतीला पाठ लावून, अंगावर ब्लँकेट घेऊन, डोळे मिटून पायऱ्यांवर बसायचे. पत्नी म्हणायची, "पापड वाळत घातल्यासारखे बसलेत."

तिची गाव बघायची पद्धत वेगळी होती. राजवाडे, पुतळे, म्युझियम ही माझी यादी. ती ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची आणि तिथून पायी परत यायची. "गाव मागच्या दारानं बघावं," ती म्हणायची. "पुढच्या दाराला सगळे पावडर लावून बसतात." मी कुरकुरत मागे असायचो. गॉथेनबर्गच्या मायोर्ना भागात तिने मला अर्धा दिवस चढ-उतार फिरवलं. तिथली जुनी कामगारांची घरं अशी, की तळमजला दगडविटांचा आणि वरचे दोन मजले लाकडी. प्रत्येक खिडकीत एक छोटा दिवा. ती खिडक्यांखाली उभी राहून बघायची आणि मला लाज वाटायची.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"दिवा खिडकीत ठेवलाय तो कोणासाठी? स्वतःसाठी ठेवला असता तर टेबलावर नसता का ठेवला?"

तिथल्याच हागा भागातल्या एका बेकरीत तिने गोल वळ्यांचा पाव तोडून तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. "वेलची! अहो, यांच्या पावात वेलची आहे!" काउंटरवरच्या मुलीला तिने इतक्या गोष्टी विचारल्या, की त्या मुलीने आतून वेलचीचा डबा आणून दाखवला. पत्नीने चिमूट हातावर घेऊन वास घेतला. "आपली आहे, पण लांबच्या प्रवासानं थकलीये," असं इंग्रजीत सांगून टाकलं. मुलगी खो खो हसली. मी बाहेर उभा राहून घड्याळ बघत होतो.

पुढे मंडळात मी "उत्तरेकडचे किनारे" म्हणून स्लाइड दाखवून भाषणं केली. ती वेलची, तो खिडकीतला दिवा, ते पापडासारखे बसलेले लोक, हे सगळं मी माझं म्हणून सांगितलं. लोक म्हणायचे, काकांची नजर बघा. ती नजर माझी नव्हती. हे पहिलं.

आता गुढीकडे येतो.

आमच्या या सहलींत बहुतेक वेळा पाडवा यायचा. "पाडव्याला घर सोडून कुठे जायचं?" असं तिची आई म्हणाली असती, पण तिने त्यावर उपाय काढला होता. भिंत रंगवायचा रोलर ज्याला लावतात, ती एकात एक सरकणारी काठी तिने घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून आणली. बॅगेत तिरकी बसायची. तांब्याचा लहान गडू मोज्यांत गुंडाळून. साखरेच्या गाठी आणि कडुलिंब लेक वेम्बलीहून पाठवायची; पानं अर्धी सुकलेली असायची, पण असायची. आणि एक जांभळी इरकल, तिच्या आईने दिलेली, जी गुढीशिवाय कधी बाहेर निघायची नाही.

ही गुढी आम्ही हॉटेलच्या खोलीत, खिडकीच्या आत लावायचो. आत, हा माझा आग्रह. त्या आग्रहाचं मूळ मागे होतं, तेही सांगायला हवं.

आम्ही लग्नानंतर इथे आलो तेव्हा ती साड्याच नेसायची आणि धुवून मागच्या अंगणात वाळत घालायची. साडी ती, कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. शेजारी म्हणायचे, आज कसला सण आहे, पताका लावल्यात? त्यांतला एक आमच्याच कारखान्यात होता. दुसऱ्या दिवशी ते ड्रॉइंग ऑफिसात पोचलं. कोणी वाईट हेतूने म्हणत नसावं, पण मला ते लागायचं. मी घरी येऊन सांगितलं, साड्या बाहेर वाळत घालायच्या नाहीत. त्या दिवसापासून तिच्या साड्या बाथरूममध्ये टबावर वाळल्या. इतकी वर्षं आमच्या बाथरूमला ओल्या सुताचा वास होता. ती एकदाही उलटून बोलली नाही. ती भांडखोर नव्हती असं नाही. भाजीवाल्यापासून कौन्सिलपर्यंत सगळ्यांशी भांडायची. माझ्या या भीतीशी मात्र तिने भांडण केलं नाही. मला वाटतं, तिला ती दुखरी जागा दिसली असावी.

माझ्या ड्रॉइंग ऑफिसचा मुख्य इंग्रज होता. ऑफिसात मी त्याला नावाने हाक मारायचो, घरी मात्र आम्ही त्याला साहेबच म्हणायचो. भला माणूस. थट्टेखोर. मी त्याच्यासारखं बोलायला, त्याच्यासारखा बागेचा आणि हवेचा विषय काढायला शिकलो होतो. आमच्या सहलींचं ऐकून एका वर्षी तो म्हणाला, आम्ही दोघंही येतो तुमच्याबरोबर. मला केवढा मान वाटला! मी घरी जाऊन पत्नीला सांगितलं, "साहेब आपल्याबरोबर येतोय."

ती म्हणाली, "येऊ दे की. बूट चांगले घालून ये म्हणावं."

स्वीडनमध्ये गॉथेनबर्गहून किनाऱ्याने वर गेलं की लहान लहान कोळ्यांची गावं लागतात. गुलाबी-करड्या गुळगुळीत खडकांवर पांढरी लाकडी घरं, पाण्यालगत लाल रंगाच्या होड्यांच्या शेड. अशा एका गावात, एका म्हाताऱ्या बाईच्या घरी आम्ही चौघं उतरलो. ती खोल्या भाड्याने द्यायची. घराच्या पुढे उंच पांढरी झेंड्याची काठी होती. तिथे घराघरापुढे असते. सणावारी झेंडा आणि एरवी नुसती लांब निमुळती पताका वाऱ्यावर. घराच्या दाराशी एका बादलीत बर्चच्या काड्या उभ्या केलेल्या आणि त्या काड्यांना रंगीत पिसं बांधलेली. ईस्टर जवळ आला की तिकडे अशा काड्या सजवतात. गॉथेनबर्गच्या चौकांत त्यांच्या जुड्या विकायला होत्या. पत्नी त्या बघून हरखली होती. "अहो, बघा, डहाळी आहे, रंग आहे, दाराशी उभी आहे. यांचीही गुढीच की!"

"हळू बोल," मी म्हटलं. साहेब पुढेच चालत होता.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. आमच्या खोलीला गॅलरी होती आणि ती अंगणापलीकडच्या जेवणघराच्या खिडकीसमोर यायची. मी दाढी करून खाली गेलो. पत्नी म्हणाली, "व्हा पुढे, मी आलेच." मला संशय यायला हवा होता.

मी, साहेब आणि त्याची बायको असे टेबलाशी बसलो. राय ब्रेड, चीज, उकडलेली अंडी. साहेबाने खिडकीबाहेर बघितलं आणि त्याचा हात कपावरच थांबला. गॅलरीच्या कठड्याला काठी बांधलेली, त्यावर जांभळी साडी चुण्या घालून, गाठी, कडुलिंब, आणि वर उलटा गडू सकाळच्या उन्हात चकाकत होता. मागे समुद्र. इतकी सुंदर गुढी मी त्याआधी बघितली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

साहेब मिश्कीलपणे म्हणाला, "अरे, आज तुमच्याकडे धुण्याचा दिवस दिसतोय!"

त्याची बायको म्हणाली, "गप रे."

आणि मी म्हटलं, "हो ना. तिने साडी धुतली काल. काढायला सांगतो."

इंग्रजीत म्हटलं, सहज, हसून. अर्धं मिनिटही लागलं नाही. मान वळवली तर पत्नी दारात उभी होती. कपाळाला कुंकू, हातात वाटी, वाटीत कडुलिंब, गूळ, भिजवलेली डाळ, जिरं कालवलेलं. सगळ्यांना द्यायला घेऊन आली होती. तिने ऐकलं होतं. मला कळलं ते तिच्या चेहऱ्यावरून नाही. चेहरा तसाच होता. वाटी धरलेला हात जरा खाली आला, त्यावरून.

ती पुढे आली. साहेबाच्या बायकोला गुड मॉर्निंग म्हणाली. प्रत्येकाच्या बशीत चमच्याने थोडं थोडं वाढलं. साहेबाने तोंडात टाकलं आणि त्याचं तोंड असं झालं, की त्याची बायको हसायला लागली.

"हे काय आहे?"

"आमचं नवीन वर्ष," ती इंग्रजीत म्हणाली. "कडू आधी खायचं. म्हणजे मग वर्षभर तक्रार नको."

धुण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिला मला तिथेच उघडं पाडता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तिने मला झाकलं.

मी वर गेलो आणि गुढी उतरवली. हे मी उतरवली असं लिहितो आहे. त्या वेळी मी ती ओढून काढली, गाठ सुटेना म्हणून चिडून. ती मागून आली आणि खाली पडलेली पानं वेचायला लागली.

"दिवसभर नसती ठेवता आली?" ती म्हणाली.

"अगं, ते लोक..."

"गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवतात हे खरं." तिने साडी माझ्या हातातून घेतली. "पण नाष्ट्याच्या आत नाही."

साहेबाबरोबर बंदरावर फिरायला जायचं ठरलं होतं, मी कोट घातला आणि गेलो. साहेबाची बायको गावातल्या दुकानांकडे गेली. पत्नी मागे राहिली.

त्यानंतर त्या बाईच्या घरी काय झालं, ते मला तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. घरमालकीण टेबल आवरत होती. तिने विचारलं, ती वर चमकत होती ती सुंदर वस्तू कुठे गेली? पत्नीने सांगितलं, ती नवीन वर्षाची खूण होती. घराच्या बाहेर उंच लावतात, म्हणजे चांगलं वर्ष लांबून घर ओळखतं. बाईने विचारलं, कधी उतरवायची असते? पत्नी म्हणाली, सूर्य मावळायच्या आत.

"आमच्या झेंड्याचंही तेच," बाई म्हणाली. "मग ती आता खाली का?"

याचं उत्तर पत्नीने काय दिलं, हे तिने मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

बाईने ऍप्रन काढला, अंगणात गेली आणि आपली पताका खाली घेतली. दोघींनी ती रोलरची काठी झेंड्याच्या दोरीला दोन ठिकाणी बांधली. दोरी अपुरी पडली तेव्हा पत्नीने परकराची एक जादा नाडी आणली. नाडीने बांधलेली ती गाठ मी संध्याकाळी बघितली. आयुष्यभर यंत्रांच्या जोडण्यांचे आराखडे काढलेल्या माणसाला सांगू द्या, त्या गाठीत एका सुताचाही दोष नव्हता. बादलीतल्या काड्यांवरचं एक पिवळं पीस बाईने काढून कडुलिंबाशेजारी खोचलं. मग दोघींनी मिळून दोरी ओढली.

मी तेव्हा बंदराच्या टोकाला होतो. तिथे एक माणूस होडी उलटी करून तिचा जुना रंग खरवडत होता. डांबराचा वास येत होता. साहेब त्याच्याशी लाकडाविषयी बोलत होता. मी वळून गावाकडे बघितलं. पांढऱ्या घरांच्या वर, सगळ्या छपरांच्या वर, जांभळं काहीतरी फडफडत होतं आणि त्याच्या टोकावर उन्हाचा एक ठिपका.

माझी छाती भरून आली. हे मी भाषणात नेहमी म्हणायचो, आणि तेवढं खरं आहे. त्या गावात, जिथे आमचं कोणी नव्हतं, माझ्या बायकोने सगळ्यात उंच जागा मिळवली होती, आणि तीही न भांडता.

साहेबानेही बघितलं. माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या बायकोच्या धुण्याला तर बढती मिळाली!"

मी हसलो.

होडीवाल्याने कपाळावर हात धरून वर बघितलं. मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हा कुठल्या देशाचा?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच्या हातातलं खरवडायचं पातं थांबलं होतं. तो वाट बघत होता. साहेबही माझ्याकडे बघत होता, तो आता थट्टा करत नव्हता. मी एवढंच म्हणायचं होतं, की तो झेंडा नाही, ती गुढी आहे, आमचं नवीन वर्ष आहे, आणि ती माझ्या पत्नीने उभारली आहे.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

सकाळचं वाक्य घाबरून निघालं होतं, असं म्हणता येईल. हे तसं नव्हतं. सकाळी एकदा धुणं म्हटल्यावर आता गुढी म्हणायला मला तोंड राहिलं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्यांदा खोटं बोललो.

दिवसभर ती गुढी तिथे होती. खडकांवर फिरताना, कॉफी पिताना, कुठूनही दिसायची. गावातली दोन-चार माणसं कुंपणाशी थांबून बघून गेली. साहेबाची बायको माझ्या पत्नीला घेऊन तिथे उभी राहिली आणि कोणती गोष्ट कशासाठी ते विचारत राहिली. मला वाटतं, तिने नवऱ्याला नंतर सगळं सांगितलं असावं, कारण साहेबाने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सभ्य माणूस होता. मी मात्र त्यालाही कधी सरळ सांगितलं नाही.

ऊन कलल्यावर गुढी उतरवायची वेळ झाली. पत्नीने हळदकुंकू वाहिलं, साखर ठेवली. घरमालकीण बाजूला हात जोडून नाही, पण हात पुढे धरून उभी होती, चर्चमध्ये उभं राहावं तशी. उतरवायच्या आधी पत्नी मला म्हणाली, "उभे राहा तिथे. फोटो काढते."

"तू उभी राहा, मी काढतो."

"नको. तुमचा कोट छान दिसतोय."

हाच तो फोटो. झेंड्याची काठी, वर गुढी, खाली मी, कोट घातलेला, छाती काढलेली. ती त्यात नाही, कारण फोटो तिने काढला.

गाठी तिने घरमालकिणीला दिल्या. बाईने त्या पिसांच्या काड्यांवर लटकवल्या. आणि ते पिवळं पीस बाईने पत्नीला दिलं. ते आमच्या घरी आलं आणि पुढे दरवर्षी गुढीला लागलं.

कॉव्हेंट्रीला परत आल्यावर मंडळात फोटो हातोहात फिरला. एका तरुणाने विचारलं, "काका, ही तुम्ही उभारलीत? तिथे?" सगळे माझ्याकडे बघत होते. पत्नी मागे स्वयंपाकघराच्या खिडकीशी पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती.

मी "हो" म्हटलं.

इतकंच. मग पुढच्या वर्षी त्या हो-ला हातपाय फुटले. मी घरमालकिणीशी बोललो, मी तिला पाडवा समजावला, मी गाठ मारली. साहेब त्यात आला तो गुढीला सलाम करणारा म्हणून. होडीवाला आला तो "हा कुठल्या देशाचा?" विचारणारा म्हणून, आणि मी छाती पुढे काढून उत्तर द्यायचो. तिथे नेहमी टाळ्या पडायच्या. एका वर्षी मी म्हणालो की साडी हिरवी होती. पत्नी मागून म्हणाली, "जांभळी."

सभागृह हसलं. "काकू, बरोबर लक्षात आहे हो तुमच्या!"

एवढीच दुरुस्ती तिने केली. इतक्या वर्षांत एवढीच. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आणखी काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? गोष्ट छान सांगता तुम्ही." मग थोड्या वेळाने, सिग्नलला, "फक्त आईची साडी बदलू नका."

मला वाटलं होतं की हे लिहिताना मान खाली जाईल. गेलीही. पण लिहीत गेलो तसं लक्षात आलं, की मला जे सांगायचं आहे त्यात अभिमानच जास्त आहे. चुकीच्या माणसाचा अभिमान मी इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतो, एवढंच. आमच्या मंडळात ज्या गोष्टीचा सगळ्यांना अभिमान वाटतो ती खरोखर घडली आहे. परक्या गावात एका मराठी माणसाने ताठ मानेने गुढी उभारली, हे खरं आहे. तो माणूस साडी नेसायचा, गाव मागच्या दारानं बघायचा आणि वासावरून वेलचीचा प्रवास ओळखायचा. स्मरणिकेत फोटो छापायचा असेल तर जरूर छापा. खाली मात्र असं लिहा, की छायाचित्र जिने काढलं तिनेच गुढी उभारली.

माफी मागायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. स्वीडनहून परतताना गॉथेनबर्गला ट्रामने मायोर्नातून गेलो, खिडक्यांत दिवे लागले होते, ती बाहेर बघत होती. मी "अगं" म्हटलं. ती वळली. मी म्हटलं, "स्टॉप येतोय." पुढे कारखाना बंद झाला, मी निवृत्त झालो, भीती बाळगायला साहेब उरला नाही, शेजारी बदलले. मी मागच्या अंगणात साड्यांसाठी लांब दोरी बांधून दिली. ती दोरी म्हणजेच माफी, असं मी मनाशी ठरवलं. तिने तोवर साड्या नेसणं जवळजवळ सोडलं होतं. दोरीवर टॉवेल वाळले.

तिच्या शेवटच्या पाडव्याला तिला उभं राहवत नव्हतं. खिडकीशी खुर्चीत बसून ती सांगत होती आणि मी करत होतो. गुढी घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी. जांभळी साडी, पिवळं पीस. दिवसभर ठेवली. ऊन उतरलं तेव्हा मी हळदकुंकू वाहिलं, सावकाश गाठ सोडली, साडीची घडी घालून तिच्या मांडीवर ठेवली.

ती घडीवरून हात फिरवत म्हणाली, "आता वेळेवर उतरवायला शिकलात."

हसत म्हणाली. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्यासमोर उभा होतो, घरात दुसरं कोणी नव्हतं आणि वाक्य ओठांवर तयार होतं.

मी विचारलं, "चहा टाकू?"

"टाका," ती म्हणाली.

ते वाक्य असं होतं. अगं, ते धुणं नव्हतं. ती गुढी होती, आणि ती तू उभारली होतीस. मला माहीत होतं. त्या टेबलावरही माहीत होतं आणि बंदरावरही. चुकलो मी.